एंडोथेलिन इतकं वाईट असेल तर ते सगळ्यांचंच बंद का करत नाहीत?

खानापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सरांनी हा प्रश्न विचारला आहे. त्यांच्या अक्का 36 वर्षांच्या आहेत. विहिरीवरून कळशी आणताना त्यांना दम लागायचा, मग पायांवर सूज आली, दोनदा चक्कर येऊन पडल्या. इकोमध्ये फुफ्फुसातलं प्रेशर 78 निघालं आणि दोन महिन्यांपूर्वी बोसेंटान ही गोळी सुरू झाली. आता बरंच बरं वाटतंय. गोळ्यांसोबतच्या कागदावर ‘एंडोथेलिन रिसेप्टर’ हे शब्द दिसले म्हणून सरांनी शोधाशोध केली. एंडोथेलिन हे रक्तवाहिन्या आवळणारं द्रव्य ब्लडप्रेशर, किडनी, हृदय, कॅन्सर अशा किती तरी आजारांत वाढलेलं असतं असं त्यांच्या वाचनात आलं. वडिलांना बीपी आहे, साखर आहे, लघवीतून प्रोटीन जातंय. मग हीच गोळी त्यांनाही का देत नाहीत? अक्कांना दुसरं मूल हवंय, ते होईल का? आणि दम लागायचा थांबलाय, तर गोळी बंद करता येईल का?

सर, तुमचा पहिला प्रश्न फार मोठ्या संशोधकांनाही पडला होता आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत पंचवीस-तीस वर्षं गेली. त्यात बरीच औषधं फसली. मी बेळगावात गेली पंचवीस वर्षं हृदयाचे आणि फुफ्फुसाचे पेशंट बघतोय, त्यामुळे त्यातला बराचसा काळ डोळ्यांदेखत गेला आहे. म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

रक्तवाहिनीला आतून एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. त्याला एंडोथेलियम म्हणतात. भिंतीला गिलावा असतो तसंच ते नुसतं गुळगुळीत वेष्टन आहे, असा समज कितीतरी वर्षं होता. 1980 मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवलं की हे अस्तर शाबूत असलं तरच काही औषधांनी रक्तवाहिनी सैल पडते, अस्तर खरवडून काढलं की तीच औषधं तिला आवळतात. अस्तरातून सुटणारं ते सैल करणारं द्रव्य म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. त्या शोधमालिकेला 1998 चं नोबेल मिळालं. पण सैल करणारं द्रव्य सुटतं तर आवळणारंही सुटत असेल, हा विचार ओघानंच आला. 1988 मध्ये जपानच्या त्सुकुबा विद्यापीठात मासाशी यानागिसावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या महाधमनीतल्या अस्तराच्या पेशी वाढवल्या आणि त्या पेशी ज्या द्रवात वाढल्या, त्यातून ते आवळणारं द्रव्य वेगळं काढलं. तेच एंडोथेलिन. 21 अमिनो आम्लांची छोटीशी साखळी, दोन ठिकाणी गंधकाच्या टाक्यांनी आवळून धरलेली. रक्तवाहिनी आवळण्याची त्याची ताकद तोवर माहीत असलेल्या जवळजवळ सगळ्या नैसर्गिक द्रव्यांपेक्षा जास्त निघाली.

लगेच एक नवल लक्षात आलं. आफ्रिका आणि पश्चिम आशियात जमिनीत बिळं करून राहणारे एक जातीचे विषारी साप आहेत. त्यांच्यातल्या इस्रायलकडच्या एका सापाच्या विषातलं साराफोटॉक्सिन हे द्रव्य एंडोथेलिनचं जणू भावंडच निघालं. चावल्यावर हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळून ते माणसाचा जीव घेऊ शकतं. आपल्याकडे ऊसतोडीत चावणाऱ्या घोणसीचा याच्याशी संबंध नाही, तिचं विष वेगळ्या वाटेनं रक्त आणि किडनी बिघडवतं. हे मुद्दाम सांगतो, कारण शाळेत मुलं हा प्रश्न नक्की विचारतील.

आता मुख्य गोष्ट. शरीरात एंडोथेलिनचे तीन प्रकार आहेत. रक्तवाहिन्यांच्या आजारात महत्त्वाचा आहे तो पहिला, म्हणजे एंडोथेलिन-1. पेशीत आधी 212 अमिनो आम्लांची लांबलचक साखळी तयार होते, ती कापून 38 ची होते आणि शेवटी एक एन्झाइम ती 21 वर आणतं. तयार झालेलं द्रव्य रक्तात फारसं सोडलं जात नाही. अस्तराच्या पेशी त्यातलं बहुतेक आपल्या पाठीमागे, भिंतीतल्या स्नायूकडे सोडतात. म्हणून एंडोथेलिनचा परिणाम शेजारच्या शेजारी होतो आणि रक्तातली पातळी मोजून भिंतीत काय चाललंय ते नीट कळत नाही. आमच्याकडे कधी कधी पेशंट विचारतात, ‘डॉक्टर, एंडोथेलिनची टेस्ट करूया की’. रोजच्या उपचारात तिचा उपयोग नाही, त्या पैशात महिन्याची लिव्हरची तपासणी करून घ्या, असं मी त्यांना सांगतो.

हे द्रव्य जिथं चिकटतं त्या जागा दोन, ए रिसेप्टर आणि बी रिसेप्टर. दोन्हींचा शोध 1990 मध्ये लागला. ए रिसेप्टर भिंतीच्या स्नायूवर असतो. तिथं एंडोथेलिन चिकटलं की स्नायू आवळतो, आणि महिनोन्‌महिने चिकटत राहिलं तर स्नायूच्या पेशी वाढतात, भिंत जाड होते, आतली पोकळी अरुंद होते. बी रिसेप्टर मुख्यतः अस्तरावर असतो. तो नायट्रिक ऑक्साइड सोडायला लावतो, म्हणजे वाहिनी सैल करतो, आणि रक्तातलं जादा एंडोथेलिन आत ओढून त्याचा निकाल लावतो. हे सफाईचं काम सगळ्यात जास्त फुफ्फुसात चालतं. पण काही बी रिसेप्टर स्नायूवरही असतात आणि तिथं ते वाहिनी आवळतातच. माणसाला एंडोथेलिन शिरेतून दिलं तर दाब आधी क्षणभर उतरतो आणि मग बराच वेळ चढून राहतो, त्याचं कारण हेच.

उसाला पाणी पाजताना रात्री दारं धरलेला माणूस हे चटकन समजतो. पाटाला पाणी तेच, पण कुठल्या सरीचं दार उघडलं आणि कुठलं बुजवलं त्यावर पीक ठरतं. एंडोथेलिन हे पाटाचं पाणी नाही, ते दारं उघडणारं आणि बुजवणारं फावडं आहे. ते नेमकं कुठल्या सरीत मारायचं नाही हे ठरल्याशिवाय ते हातातून काढून घेण्यात अर्थ नाही.

अक्कांकडे येतो. निरोगी माणसाच्या फुफ्फुसातल्या धमनीचा सरासरी दाब 14 च्या आसपास असतो. हाताला पट्टा बांधून आपण जो 120/80 मोजतो त्याच्यापुढे तो काहीच नाही, म्हणून हृदयाची उजवी बाजू पातळ भिंतीची असते आणि ती तेवढ्यावर आरामात चालते. फुफ्फुसातल्या बारीक धमन्या अरुंद झाल्या की ती बाजू दमते. जिने चढताना दम, पायांना सूज, मानेतल्या शिरा फुगणं, चक्कर हे सगळं त्यातून येतं. अशा रुग्णांच्या फुफ्फुसातल्या धमन्यांमध्ये एंडोथेलिन-1 जास्त तयार होतं हे 1993 मध्ये स्पष्टपणे दाखवलं गेलं. म्हणजे इथं फावडं चुकीच्या सरीत, रात्रंदिवस चाललेलं असतं.

बोसेंटान ए आणि बी दोन्ही रिसेप्टर अडवतं. 213 रुग्णांच्या चाचणीत 16 आठवड्यांनंतर गोळी घेणारे सहा मिनिटांत नकली गोळीवाल्यांपेक्षा सरासरी 44 मीटर जास्त चालले. अमेरिकेत 2001 मध्ये मान्यता मिळाली. 44 मीटर ऐकायला थोडे वाटतात. आमच्या दवाखान्याच्या 30 मीटरच्या पॅसेजमध्ये दोन टोकांना दोन पिवळे ठिपके लावले आहेत. वडगावात यंत्रमागावर बसणारी एक बाई पहिल्यांदा आली तेव्हा तिसऱ्या फेरीलाच भिंतीला हात लावून उभी राहिली होती. बोटातल्या मशीनवर ऑक्सिजन 82. चार महिन्यांनी त्याच पॅसेजमध्ये ती न थांबता चालली, शेवटच्या फेरीला सिस्टरकडे बघून म्हणाली, ‘अजून एक मारू काय?’ त्या दिवशी 44 मीटर म्हणजे काय ते मला कळलं. घराच्या दारापासून नळापर्यंत जाऊन परत यायचं अंतर ते.

नंतर 2007 मध्ये अँब्रिसेंटान आलं, ते प्रामुख्यानं ए रिसेप्टर अडवतं. 2013 मध्ये मॅसिटेंटान आलं. त्याच्या 742 रुग्णांच्या चाचणीत 10 मिलिग्रॅमच्या डोसनं आजार बळावण्याचा किंवा मृत्यूचा एकत्रित धोका 45 टक्क्यांनी कमी झाला. आता बहुतेक रुग्णांना सुरुवातीपासूनच दोन वाटांची औषधं एकत्र देतात, एक एंडोथेलिनच्या वाटेवरचं आणि एक नायट्रिक ऑक्साइडच्या, म्हणजे टाडालाफिल किंवा सिल्डेनाफिल. फर्चगॉट आणि यानागिसावा दोघांची कामं अशी एकाच पाकिटात येतात.

पण सर, तुमच्या पत्रातल्या एका शब्दावर मी अडखळलो. प्रेशर 78 ‘इकोमध्ये’ निघालं असं तुम्ही लिहिलंय. इकोचा आकडा अंदाज असतो. दाब वाढलाय हे तो सांगतो, का वाढलाय हे बहुतेक वेळा सांगत नाही. अक्कांचं कॅथेटर झालंय का? मांडीतून, हातातून किंवा मानेतून नळी घालून हृदयाच्या उजव्या बाजूचे दाब प्रत्यक्ष मोजतात, ती तपासणी. सरासरी दाब 20 च्या वर, फुफ्फुसापलीकडचा म्हणजे डाव्या बाजूचा दाब 15 किंवा कमी, आणि मधल्या धमन्यांचा विरोध वाढलेला, हे तिन्ही असेल तरच अडथळा फुफ्फुसातल्या धमन्यांतच आहे असं म्हणता येतं. झालं नसेल तर करून घ्या. माझा सगळ्यात ठाम सल्ला हाच आहे.

कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी रामदुर्गकडची एक तरुण बाई आमच्याकडे रात्री आली. इकोत प्रेशर जास्त म्हणून कुठंतरी बोसेंटान सुरू झालं होतं. तिला लहानपणी सांधे सुजून ताप यायचा, त्यातून हृदयाची मायट्रल झडप अरुंद झाली होती. आपल्या भागात हा संधिवाती हृदयविकार अजून पुष्कळ दिसतो. झडप अरुंद म्हणजे फुफ्फुसातलं रक्त पुढे जायला वाट नाही, म्हणून मागे दाब. अशा माणसाच्या फुफ्फुसाच्या धमन्या औषधानं उघडल्या तर जास्त रक्त येऊन त्या बंद दारावर आदळतं. ती बसून श्वास घेत होती, तोंडातून गुलाबी फेस, दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत फुगलेले. गोळी बंद केली, पाणी उतरवलं, आठवड्यानं फुग्यानं झडप उघडली आणि प्रेशर आपोआप खाली आलं. तिला एंडोथेलिनवरच्या औषधाची गरजच नव्हती. कुणाला दोष द्यायला हे सांगत नाही. माझ्या उमेदीच्या काळात नुसत्या इकोवर असा निर्णय मीसुद्धा एकदा घेतला होता आणि पेशंटनं दाखवून दिल्यावर तो बदलला.

निपाणीकडचे पेशंट आले की दुसरा प्रकार दिसतो. तंबाखूच्या वखारीत, विड्या वळण्यात किंवा चुलीपुढे आयुष्य गेलेली माणसं, स्वतः विडी ओढणारे तर आहेतच. त्यांच्या फुफ्फुसाचे काही भाग हवेविना पडलेले असतात. शरीर शहाणपणानं त्या भागातल्या धमन्या आवळतं आणि रक्त हवा असलेल्या भागाकडे वळवतं. प्रेशर त्यामुळेही वाढतं. इथं बोसेंटान दिलं तर बुजवलेली दारं उघडतात, ज्या सरीत पीकच नाही तिथं पाणी जातं. 2008 मध्ये धुरानं, विडीनं फुफ्फुस खराब झालेल्या अशा रुग्णांवर चाचणी झाली. चालणं सुधारलं नाही आणि ऑक्सिजन मात्र खाली गेला. फुफ्फुसाचा चामड्यासारखा कडकपणा असलेल्या आजारात अँब्रिसेंटान तर अपायकारक ठरलं आणि आता तिथं ते देऊच नये असं सांगितलं जातं. फुफ्फुसात जुन्या गुठळ्या राहून वाढलेलं प्रेशर हा तिसरा प्रकार. तो योग्य स्कॅननं शोधला तर शस्त्रक्रियेनं बऱ्याच जणांचा जवळजवळ बरा होतो, म्हणून कुणालाही आयुष्यभराच्या गोळीवर टाकण्याआधी तो नाही ना, हे बघावंच लागतं.

अक्कांची बोटं एकदा नीट बघा. थंडीत, डिसेंबरच्या पहाटे जांबोटीकडच्या थंडगार पाण्यात धुणं धुताना बोटं आधी मेणबत्तीसारखी पांढरी, मग निळी, मग लालबुंद होतात का? बोटांची कातडी चिमटीत धरता येत नाही इतकी ताठ झाली आहे का? तोंड पूर्वीइतकं उघडत नाही का? असेल तर तो स्क्लेरोडर्मा असू शकतो आणि फुफ्फुसातलं प्रेशर हे त्याचंच एक टोक असतं. या रुग्णांच्या बोटांच्या शेंड्यांना खोल जखमा होतात. मिठाचा हात लागला तरी माणूस कळवळतो. बोसेंटाननं नवीन जखमा होणं कमी होतं, पण झालेली जखम त्यानं लवकर भरत नाही. हे पेशंटला आधीच सांगितलं नाही तर दोन महिन्यांत ‘गोळी लागू पडत नाही’ म्हणून ती बंद होते. जन्मतः हृदयाला भोक असून वयात येईपर्यंत न सापडलेले आणि आता निळे पडलेले रुग्णही आपल्या खेड्यांतून येतात. त्यांच्यात भोक बंद करायची वेळ निघून गेलेली असते आणि तिथं बोसेंटानचा चांगला उपयोग होतो.

आता वडील. तुमचं तर्कशास्त्र बरोबर आहे. साखरेनं बिघडलेल्या किडनीत ए रिसेप्टर चाळणीच्या वाहिन्यांवर ताण आणतो, प्रोटीन गळायला लावतो, व्रण वाढवतो. तो अडवला की प्रोटीन कमी होतं. मग अडलं कुठं? किडनीच्या शेवटच्या नळ्यांमध्ये हेच एंडोथेलिन, मुख्यतः बी रिसेप्टरच्या मार्फत, मीठ आणि पाणी बाहेर टाकायचं काम करतं. म्हणजे चाळणीत ते नुकसान करतं आणि नळीत ते आपल्या बाजूनं असतं. औषध दोन्हीकडे लागतं. प्रोटीन उतरतं आणि अंगात पाणी साठतं. याच गटातल्या अॅव्होसेंटानची चाचणी मधुमेही किडनीच्या 1,392 रुग्णांवर सुरू होती. पाणी साठून हृदय निकामी होण्याचे प्रकार इतके झाले की ती मध्येच थांबवावी लागली. त्याआधी हृदय कमजोर झालेल्यांना बोसेंटान देऊन पाहिलं होतं, कारण त्यांच्या रक्तात एंडोथेलिन वाढलेलं असतं. फायदा झाला नाही, सुरुवातीच्या आठवड्यांत पाणी वाढून त्रासच झाला. द्रव्य वाढलेलं दिसतं म्हणून ते अडवावं, हा विचार तिथं पडला.

तरी संशोधक चिकाटीचे. अॅट्रासेंटान या ए रिसेप्टर अडवणाऱ्या औषधाच्या चाचणीत त्यांनी आधी सगळ्यांना सहा आठवडे छोटा डोस दिला, ज्यांचं प्रोटीन किमान 30 टक्के उतरलं आणि अंगात पाणी साठलं नाही अशांनाच वेगळं काढलं आणि पुढची तुलना मुख्यतः त्यांच्यात केली. 2019 मध्ये निकाल आला. किडनी निकामी होण्याकडची वाटचाल त्यांच्यात 35 टक्क्यांनी कमी झाली. अडवायचं कुणाचं हे आधी ठरवल्याचा तो परिणाम. आयजीए नेफ्रोपॅथी नावाच्या किडनीच्या आजारात स्पार्सेंटान 2023 पासून अमेरिकेत मान्य आहे. ही एकच गोळी ए रिसेप्टर आणि अँजिओटेन्सिन या वाहिन्या आवळणाऱ्या दुसऱ्या द्रव्याचा रिसेप्टर दोन्ही अडवते, 36 आठवड्यांत तिनं प्रोटीन जवळजवळ निम्म्यावर आणलं, तुलनेच्या नेहमीच्या गोळीनं 15 टक्के उतरलं. आणि इतर गोळ्या घेऊनही न उतरणाऱ्या बीपीसाठी, त्या गोळ्यांच्या जोडीला, एंडोथेलिन अडवणाऱ्या अॅप्रोसिटेंटानला 2024 च्या मार्चमध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. म्हणजे वडिलांचं दार कायमचं बंद आहे असं नाही. पण आज त्यांच्यासाठी आधीची कामं शिल्लक असणार. अँजिओटेन्सिनवरची गोळी पूर्ण डोसमध्ये आहे का, साखरेची ग्लिफ्लोझिन गटातली गोळी सुरू आहे का, जेवणात लोणचं, पापड आणि खारवलेली मिरची रोज आहे का, हे आधी बघा. अक्कांच्या डब्यातली गोळी त्यांना देऊ नका. एक मात्र आजच तपासा. वडील किंवा घरातलं कुणी साखरेसाठी ग्लिबेनक्लामाइड घेत असेल तर ती गोळी बोसेंटानबरोबर चालत नाही, लिव्हरला मार बसतो. जुन्या चिठ्ठ्यांवर ती खेड्यात अजून सर्रास दिसते आणि एकाच घरात गोळ्यांची अदलाबदल होते हे मी अनेकदा पाहिलंय. टीबीचं रिफाम्पिसिन आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन यांच्याशीही बोसेंटानची गडबड होते.

दुसऱ्या मुलाचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे आणि तो मी गुळमुळीत करून सांगणार नाही. गर्भात चेहऱ्याचे, जबड्याचे, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या वाहिन्यांचे भाग ज्या पेशींपासून घडतात त्या मज्जारज्जूच्या कडेनं निघून लांबचा प्रवास करतात. त्या योग्य ठिकाणी पोचून घडायला एंडोथेलिन आणि ए रिसेप्टर लागतात. 1994 मध्ये एंडोथेलिन-1 चं जनुक बंद केलेले उंदीर जन्माला घातले गेले, त्यांचे जबडे आणि तोंड विद्रूप झाले आणि ते जगले नाहीत. त्याच प्रवासी पेशींतल्या काही आतड्यात जाऊन तिथल्या मज्जातंतूंचं जाळं बनवतात, काही कातडीत जाऊन रंग बनवतात. त्यांना बी रिसेप्टर आणि एंडोथेलिन-3 लागतं. तिथं जनुकात दोष असेल तर बाळाच्या मोठ्या आतड्याच्या शेवटी मज्जातंतूच नसतात. त्याला हर्शस्प्रुंग म्हणतात, साधारण 5,000 जन्मांत एक. जन्मल्यावर 48 तासांत काळी शी झाली नाही, पोट फुगलं, हिरवी उलटी झाली तर ‘पोटात वारा धरलाय’ म्हणून हिंग लावत बसू नका, बाळाला सर्जनकडे न्या. काही बाळांत त्याच्या जोडीला कपाळावर पांढऱ्या केसांची बट आणि बहिरेपण असतं. एंडोथेलिनच्या जनुकातला हा प्रकार बहुतेकदा आई-वडील दोघांकडून दोष आला तर उमटतो, आणि आपल्या भागात नात्यातली लग्नं, मामाच्या मुलीशी, कुठं कुठं मामा-भाचीचीही, होतात. अशा घरात एक बाळ आजारी असेल तर पुढच्या बाळाआधी जनुकीय सल्ला घ्यायलाच हवा.

तेव्हा हे सगळं अडवणारी गोळी गरोदरपणात अजिबात चालत नाही. बोसेंटानवर असलेल्या बाईची दर महिन्याला गरोदरपणाची चाचणी करायची असते. त्यात आणखी एक मेख आहे. बोसेंटान गर्भनिरोधक गोळीचा जोर कमी करतं, त्यामुळे नुसत्या त्या गोळीवर विसंबून चालत नाही, तांबी किंवा जोडीला दुसरा उपाय लागतो. आणि गोळी बाजूला ठेवली तरी हा आजारच गरोदरपणात आईच्या जिवावर उठतो. दिवस गेले की शरीरातलं रक्त वाढतं, फुफ्फुसाच्या अरुंद धमन्यांना ते पेलत नाही, बाळंतपणात आणि त्यानंतरच्या दिवसांत हृदयाची उजवी बाजू कोलमडते. अक्कांना हे तुम्ही एकटे सांगू नका. त्यांच्या यजमानांना आणि सासूबाईंना घेऊन या, आम्ही समोर बसून बोलू. सासरी ‘दुसरं कधी’ असा प्रश्न रोज विचारला जात असेल तर त्याचं उत्तर त्यांच्या वतीनं डॉक्टरनं द्यावं, ते माझं काम आहे.

बाकीच्या आजारांचं थोडक्यात. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, त्यामुळे उंचावर पोस्टिंग होऊन फुफ्फुसात पाणी भरलेले जवान सुट्टीवर येऊन मला दाखवतात. ज्यांना हा त्रास होतो त्यांच्यात उंचीवर एंडोथेलिन जास्त वाढतं, पण उपचार म्हणजे तातडीनं खाली आणणं, ऑक्सिजन आणि वाहिन्या सैल करणारं निफेडिपिन. मेंदूत रक्तस्राव झाल्यावर वाहिन्या आवळू नयेत म्हणून याच गटातल्या क्लॅझोसेंटानला जपाननं 2022 मध्ये मान्यता दिली, इतर ठिकाणच्या मोठ्या चाचण्यांत मात्र रुग्णांची अंतिम स्थिती सुधारली नाही. प्रोस्टेट कॅन्सर हाडात पसरायला एंडोथेलिन मदत करतं हे प्रयोगशाळेत छान दिसलं होतं, रुग्णांवर औषधं टिकली नाहीत.

शेवटचा प्रश्न, गोळी बंद करण्याचा. नाही. दम थांबलाय तो गोळीमुळे, आजार गेलेला नाही. एकदम बंद केली तर काही दिवसांत हृदयाची उजवी बाजू पुन्हा फुगू शकते. बहुतेकांना 62.5 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असं चार आठवडे देऊन मग 125 करतात. अक्कांचा डोस वाढवलाय का ते चिठ्ठीवर बघा. लिव्हरची तपासणी दर महिन्याला, चुकवायची नाही. साधारण दहापैकी एका रुग्णात लिव्हरचे आकडे तिपटीच्या वर जातात. त्यावर अंगात काही जाणवत नाही, वेळेत सापडलं तर डोस कमी करून किंवा औषध बदलून बहुतेकदा निभतं. या गटातलं एक औषध, सिटाक्सेंटान, लिव्हर निकामी होऊन मृत्यू झाल्यामुळे 2010 मध्ये बाजारातून काढून घ्यावं लागलं होतं, त्यामुळे ही तपासणी मी कुणालाच माफ करत नाही. हिमोग्लोबिनही तीन महिन्यांनी बघायचं, ते या गोळ्यांनी थोडं उतरतं आणि आपल्या बायकांत ते मुळातच कमी असतं.

घरी वजनकाटा ठेवा. रोज सकाळी तोंड धुतल्यावर, काही खाण्याआधी, अक्कांचं वजन भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, चप्पल घट्ट होऊ लागली किंवा रात्री उशीला टेकून बसावं लागलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता या. सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला जायचं असेल तर गाडीनं वरपर्यंत जा, पायऱ्या चढायच्या नाहीत, आणि सोबत किमान आठवड्याच्या गोळ्या घ्या. येताना पहिल्या इकोचा कागद, असेल तर कॅथेटरचा रिपोर्ट, आणि घरातल्या सगळ्यांच्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत आणा. वडिलांचीही.